पाऊस गेल्यावर बिझनेस पार्कच्या बागेचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवी मुंबईत महापेला तीन इमारतींचा बिझनेस पार्क आहे. दीड एकर बाग, त्यातलं साधारण अर्धा एकर लॉन, बाकी कुंपणं, झाडं, कुंड्या आणि बेसमेंटच्या डोक्यावर पोडियमची बाग. मागची भिंत पारसिकच्या डोंगराला लागून. फॅसिलिटी मॅनेजरना एका परदेशी भाडेकरू कंपनीने हिवाळ्याआधीच्या बागकामाची यादी पाठवली आहे: ठिबकच्या नळ्या हवा मारून रिकाम्या करा, नाजूक झाडं गोणपाटात गुंडाळा, गवताची शेवटची कापणी करून पाणी बंद करा, पायवाटांवरचा बर्फ वितळवायला मीठ आणून ठेवा. त्यांनी विचारलंय, यातलं आपल्याला काय लागू होतं आणि ऑक्टोबरपासून नेमकं काय करायचं?

मी ऐरोली ते तुर्भे पट्ट्यात कंपन्यांच्या बागांची कामं घेते, त्यामुळे सविस्तर लिहिते.

ती यादी जिथे तयार झाली तिथे ती बरोबरच आहे. तिथे नळीत राहिलेलं पाणी गोठतं, गोठताना फुगतं आणि नळी, व्हॉल्व्ह फोडतं, म्हणून ते पाणी काढून टाकतात. मुंबईच्या हवामान नोंदींत सगळ्यात थंड रात्र २२ जानेवारी १९६२ ची, ७.४ अंशांची. गोठण्याचा प्रश्न तेव्हाही नव्हता. आपल्याकडे हवामान खात्याच्या सरासरीप्रमाणे मोसमी पाऊस ८ ऑक्टोबरच्या सुमाराला परततो आणि ११ जूनच्या आसपास पुन्हा येतो. मधले आठ महिने बागेला आकाशातून जवळजवळ काहीच मिळत नाही. तेव्हा आपली हिवाळ्याची तयारी म्हणजे या आठ महिन्यांच्या पाण्याची तयारी. ज्या महिन्यात ते लोक व्हॉल्व्ह बंद करतात, त्याच महिन्यात आपण ते उघडायचे असतात.

घाई मात्र करू नका. ऑक्टोबरचे पहिले दोन-तीन आठवडे ऊन इतकं तापतं की नवीन लावलेलं काहीही होरपळतं. हा काळ तपासणीचा, साफसफाईचा आणि मातीच्या कामाचा. लावणी दिवाळीच्या आसपास, रात्रीचं तापमान उतरू लागलं की. झेंडूची रोपं दसऱ्याला हवीत म्हणून घाईने लावली जातात आणि आठवड्यात माना टाकतात. दसऱ्यापुरत्या भरल्या कुंड्या आणा, वाफे तसेच ठेवा.

आता पाणी. ठिबक आणि स्प्रिंकलर जूनपासून बंद असणार. सरळ टायमर सुरू करून मोकळं व्हायचं, हे बहुतेक ठिकाणी होतं आणि फेब्रुवारीत अर्धं कुंपण वाळल्यावर कळतं की तिथे पाणी पोचतच नव्हतं. एक पूर्ण दिवस यासाठी ठेवा. माळ्यांसोबत प्लंबर हवा आणि तुमचा स्वतःचा माणूसही हवा. प्रत्येक व्हॉल्व्ह बॉक्स उघडा. आत चिखल बसलेला असतो, मुंग्यांनी घर केलेलं असतं, कधी वायरचे जोड हिरवे पडलेले असतात. सोलेनॉइड व्हॉल्व्हचा (टायमरच्या इशाऱ्यावर विजेने उघडणाऱ्या व्हॉल्व्हचा) पडदा चार महिने पडून राहिला की चिकटतो. मग तो उघडत नाही किंवा उघडला की मिटत नाही. एकेक झोन हाताने चालू करून बघा.

त्यानंतर प्रत्येक लॅटरलचं, म्हणजे ड्रिपर असलेल्या बारीक नळीचं, शेवटचं टोक उघडायचं आणि पाणी सोडून समोर उभं राहायचं. आधी तांबूस गढूळ पाणी येतं, मग काळपट बुळबुळीत तंतू सुटून येतात, मग हळूहळू स्वच्छ पाणी. ते तंतू दिसले नाहीत आणि प्रवाह मंदच राहिला, तर बुळबुळ आतच आहे आणि ड्रिपर बुजलेले आहेत असं समजा. एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करून मिळणारं, पाणी वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येक आवारात हे होतं. डिस्क फिल्टर काढून चकत्या सुट्या करून घासा, नुसता वरून फवारा मारून भागत नाही. पावसाळ्यात उंदीर-घुशींनी नळ्या कुरतडलेल्या असतात, त्या जागी पाण्याचं डबकं दिसेलच. तिथे चिंधी बांधून ठेवायची नाही, तुकडा कापून जोडणी बसवायची.

टायमरमध्ये मे महिन्याचा प्रोग्रॅम तसाच असतो, तो बदला. नोव्हेंबर ते जानेवारी लॉनला दिवसाला साधारण चार मिलिमीटर पाणी पुरतं, म्हणजे चौरस मीटरला चार लिटर. तुमचं लॉन दोन हजार चौरस मीटर धरलं तर रोज आठ हजार लिटर. एप्रिल-मेमध्ये हेच दीडपटीच्या पुढे जातं. स्प्रिंकलर किती वेळ चालवायचा हे अंदाजाने ठरवू नका. लॉनवर सात-आठ सरळ बाजूंचे रिकामे डबे ठेवा, पंधरा मिनिटं पाणी चालवा आणि पट्टीने मोजा. एका डब्यात दोन मिलिमीटर आणि दुसऱ्यात आठ, असा फरक हमखास निघतो. नोझल बदलले, वाकडे दांडे सरळ केले की तो कमी होतो. रोज थोडंथोडं देण्यापेक्षा एक दिवसाआड दुप्पट द्या, मुळं खाली जातात. वेळ पहाटेची. संध्याकाळी भिजवलेली पानं रात्रभर ओली राहिली की थंडीत बुरशीला आमंत्रणच.

पाणी येतं कुठून हेही आत्ताच बघा. एमआयडीसीचं पाणी बारवी धरणाचं, ते बागेवर ओतणं खर्चिक आहे आणि योग्यही नाही. एसटीपीचं पाणी हाच बागेचा खरा आधार. फक्त ते ठिबकने द्या. लोक चालतात, डबे खायला बसतात त्या भागात ते स्प्रिंकलरने उडवू नका. बोअरवेल असेल तर पाण्याचा टीडीएस (लिटरमध्ये विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) नोव्हेंबरात एकदा आणि फेब्रुवारीत एकदा तपासून घ्या. आपला पट्टा खाडीला लागून आहे, भूजल उतरत जातं तसा खारटपणा चढतो. टीडीएस हजाराच्या आत असेपर्यंत काळजी नाही. दोन हजारांकडे गेला की इक्झोरा, शेवंती, पिटुनिया यांची पानं कडेने करपायला लागतात आणि माळी औषध मारत बसतो.

इक्झोराचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडं थांबते, कारण तुमच्याकडेही तो भिंतीलगत लावलेला असणार. इमारतीच्या जोत्याला लागून असलेली इक्झोराची रांग बघा. नवी पानं पिवळी, पण शिरा हिरव्यागार, असं दिसलं तर ती लोहाची कमतरता आहे. माळी बहुतेकदा युरिया देतो, त्याने काही होत नाही. जोत्याच्या बाजूला बांधकामाचा राडारोडा, सिमेंट, प्लास्टर गाडलेलं असतं. त्यामुळे माती अल्कधर्मी होते. तिच्यात लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. त्याच रांगेतली, पण जोत्यापासून तीन-चार फूट लांब असलेली झुडपं हिरवी दिसतात, तीच खूण. उपाय असा: फूटभर रुंद, दीड फूट खोल चर काढून राडारोडा बाहेर काढा, लाल माती, शेणखत आणि मूठ-मूठ गंधक भरा, आणि चिलेटेड लोह (मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधलेलं लोह) मुळाशी द्या. लोहाचं चिलेट घेताना ईडीडीएचए प्रकारचं मागा, अल्कधर्मी मातीत तेच टिकतं. दुकानदार पुढे करतो ते स्वस्त हिराकस अशा मातीत दोन-चार दिवसांत निकामी होतं. हे काम ऑक्टोबर-नोव्हेंबरातच करा, कारण झुडपाला उन्हाळ्याआधी मुळं सावरायला वेळ मिळतो.

बाकी मातीचंही तेच. नवी मुंबईतल्या आवारांत बहुतेक ठिकाणी खाली मुरमाचा भराव आणि वर सहा-आठ इंच लाल माती असते. चार महिन्यांच्या पावसाने ती ठोकून बसते आणि नत्र वाहून जातं. लॉन काट्याच्या रोलरने किंवा दाताळ्याने टोचून घ्या, वर चाळलेली लाल माती, गांडूळखत आणि धुतलेली वाळू अर्धा सेंटिमीटरपेक्षा जाड होणार नाही अशी पसरा. क्रशरची भुकटी वाळू म्हणून कोणी आणली तर परत पाठवा, ती भोकं बुजवते. आठवड्याभराने चौरस मीटरला पाच-सहा ग्रॅम युरिया आणि लगेच पाणी. डिसेंबरनंतर युरिया थांबवा, रात्री थंड झाल्या की आपल्याकडचं कार्पेट गवत तसंही मंदावतं. त्या काळात त्याला फार खाली कापू नका, दीड-दोन इंच राहू द्या.

लॉनमध्ये पिवळे डाग दिसले तर तो भाग हाताने ओढून बघा. सतरंजीसारखा उचलला गेला तर खाली हुमणीच्या अळ्या आहेत, त्यांनी मुळं खाल्लीत. मैना आणि कावळे एकाच जागी टोचताना दिसले तरी तेच. अळ्या वेचा आणि मेटारायझियम ही बुरशी शेणखतात मिसळून ओलाव्यावर द्या. लव्हाळ्याची गोष्ट वेगळी. तो वरून उपटला की खालच्या गाठीतून दुपटीने येतो, म्हणून पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी खुरपं खोल घालून गाठीसकट काढायचा. सलग दोन महिने हे करणारा माळी असेल तर लव्हाळा आटोक्यात येतो, नाहीतर नाही.

आता शोभेची बाजू, म्हणजे व्यवस्थापन ज्यावर खूश होतं ती. बोगनवेलीची छाटणी पाऊस संपताच करून घ्या आणि नवी फूट आली की पाणी तोडा. जमिनीतल्या जुन्या वेलीला डिसेंबरात पाणी लागतच नाही. पानं थोडी मलूल झाली की मगच द्या. रोज पाणी मिळणारी बोगनवेल नुसती हिरवी राहते आणि माळ्याला वाटतं जात खराब आहे. कितीतरी ठिकाणी फक्त ठिबकचा तो एक झोन बंद करून जानेवारीत कुंपण रंगलेलं मी पाहिलंय.

हंगामी फुलांत पिटुनिया, साल्व्हिया, डायांथस, फ्लॉक्स, कॅलेंडुला आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी छान चालतात. रोपं उरुळी कांचनकडच्या नर्सऱ्यांतून मागवली तर स्वस्त पडतात, पण ती घाटावरच्या थंड रात्रींत वाढलेली असतात. आल्या आल्या वाफ्यात न लावता तीन-चार दिवस सावलीच्या जाळीखाली ठेवा. पॉइन्सेटियाबद्दल एक नक्की सांगायचंय. नाताळासाठी लॉबीबाहेर लाल पॉइन्सेटिया हवा असं सगळे म्हणतात, आणि तो ठेवतात नेमका इमारतीच्या फ्लडलाइटखाली. या झाडाला लाल व्हायला सलग आठ-दहा आठवडे रोज साधारण चौदा तास काळोख लागतो. रात्रीचा दिवा पडला की ते हिरवंच राहतं. शेवंतीलाही लांब रात्र लागते. या कुंड्या ऑक्टोबरपासून मागच्या, रात्री दिवा न पडणाऱ्या कोपऱ्यात वाढवा आणि रंग धरल्यावर पुढे आणा.

धुळीकडे मात्र कुणी लक्ष देत नाही, आणि आपल्या पट्ट्यात तीच मोठी गोष्ट आहे. पाऊस गेला की पाच-सहा महिने पानं धुतली जात नाहीत. बांधकामं, ठाणे-बेलापूर रोडवरचे ट्रक, आणि थंडीत हवा जमिनीलगत साचून राहते. रस्त्याकडच्या कुंपणावर नोव्हेंबरअखेर बोटाने नाव लिहिता येईल एवढा थर बसतो. त्याखाली पानाला प्रकाश कमी मिळतो आणि लाल कोळी माजतो. दर दहा-बारा दिवसांनी सकाळी लवकर, पानांच्या खालच्या बाजूनेही, फवाऱ्याने कुंपण धुवा. याला खारं बोअरचं पाणी वापरू नका. एवढ्या एका कामाने कीटकनाशकाचा निम्मा खर्च वाचतो, असा माझा अनुभव आहे.

तरी कीड येतेच. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण, चाफ्याच्या आणि नारळाच्या पानांखाली पांढरी माशी, कोवळ्या शेंड्यांवर मावा, डिसेंबरात भुरी. पहिल्यांदा पाण्याचा जोरदार फवारा, मग निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात, भुरीला पाण्यात विरघळणारं गंधक. तीव्र औषधं शेवटी, आणि तीही रविवारी, पार्क रिकामा असताना. आवारातलं पाणी नाल्यांतून शेवटी ठाणे खाडीत जातं. तिथे हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात आणि २०२२ पासून ते रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. एवढी जबाबदारी आपल्यावर येतेच.

मोठ्या झाडांची फांदी तोडायची असेल तर आधी परवानगी. १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा खासगी आवारालाही लागू आहे आणि फांद्यांची छाटणीही त्यात येते. अर्ज कुठल्या कार्यालयात करायचा हे तुमचा भूखंड कुणाच्या हद्दीत आहे त्यावर ठरतं, म्हणून विचारून सप्टेंबरातच अर्ज टाका. पावसात तडकलेल्या, लोंबकळणाऱ्या फांद्यांचे फोटो जोडा. पार्किंगवरच्या रॉयल पामच्या सुकलेल्या झावळ्या आणि नारळ मात्र वेळच्या वेळी उतरवा. बुंध्याभोवती सिमेंट किंवा पेव्हर असतील तर चहूबाजूंनी किमान एक मीटर माती मोकळी करा. दिवाळीच्या दिव्यांच्या माळांसाठी खिळे ठोकू देऊ नका, आणि सण झाल्यावर माळा खरोखर उतरवल्या का ते बघा. वर्षानुवर्षं राहिलेली तार खोडात रुतते.

सप्तपर्णीची तक्रार तुमच्याकडे येईलच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिचा वास रात्री दाट होतो आणि काहींना डोकेदुखी, शिंका येतात. असलेली झाडं तोडायला लावू नका, पण एसीच्या हवेच्या तोंडाशी किंवा स्मोकिंग कट्ट्याशेजारी नवी लावूही नका.

पोडियमवर जरा जास्त लक्ष द्या. तिथे माती जेमतेम दीड-दोन फूट, खाली ड्रेन सेल (पाणी निचरा करणारी प्लास्टिकची जाळी), त्याखाली वॉटरप्रूफिंग आणि त्याखाली तुमच्या गाड्या. ऑक्टोबरात बेसमेंटचं छत वरच्या बागेचा नकाशा हातात घेऊन फिरून बघा. ओल, पांढरी क्षारांची रेघ, ठिबकणारा जोड जिथे असेल त्याच्या वरचा वाफा ओळखा. पुष्कळदा वॉटरप्रूफिंग शाबूत असतं आणि पाण्याचं आउटलेट फायकसच्या मुळांनी बुजलेलं असतं, त्यामुळे वर तुंबलेलं पाणी भिंतीवरून उतरतं. आउटलेट मोकळं करा आणि पुन्हा आठवडाभर निरीक्षण करा. वॉटरप्रूफिंगचंच काम निघालं तर ते करायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. फायकस आणि बांबू पोडियमवरून हळूहळू काढून टाका असं माझं स्पष्ट मत आहे.

किरकोळ पण राहून जाणारी कामं: पेव्हरवरचं शेवाळ प्रेशर वॉशरने काढणं, जाळ्यांखालचा गाळ उपसणं, कुंड्यांच्या ताटल्यांतलं पाणी ओतून टाकणं, कारण डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

डिसेंबरपासून बदामाची पानं लाल होऊन गळू लागतात, मग रेन ट्री, मग पिंपळ. पाला जाळायचा नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ सालीच उघड्यावर कचरा जाळण्यावर बंदी घालून दंड ठरवला आहे, साध्या प्रकरणात ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,०००. दंडाची गोष्ट सोडली तरी ज्या हवेला आधीच धुळीने घेरलंय तिच्यात धूर कशाला? जाळीचा चार फूट उंच पिंजरा करून पाला, गवताची कापणी आणि थोडं शेणपाणी थरांनी भरा, ओलं ठेवा, महिन्यातून एकदा उलथा. चार-पाच महिन्यांत पालाखत मिळतं. अर्धकच्चा पालाही झुडपांच्या मुळाशी दोन इंच पसरला की पाण्याची मागणी कमी होते. बुंध्याला चिकटवू नका, तिथे वाळवी लागते.

मागच्या भिंतीचं काम लांबवू नका. पारसिकच्या उतारावरचं गवत नोव्हेंबरात पिवळं पडतं आणि डिसेंबर-जानेवारीपासून वणवे सुरू होतात. भिंतीच्या आतल्या बाजूने तीन-चार मीटरचा पट्टा गवत पूर्ण कापून, काडीकचरा उचलून मोकळा ठेवा, वनखातं ज्याला जाळरेषा म्हणतं त्याच हेतूने. डिझेल जनरेटर, पुठ्ठे, जुन्या लाकडी पॅलेट्स त्या पट्ट्यात नकोत. पाण्याचा एक नळ आणि भिंतीच्या टोकापर्यंत पोचेल एवढी होज तिथे कायम ठेवा. कापणी करताना माळ्यांना गमबूट द्या आणि साप दिसला तर काठी न उचलता सर्पमित्राला बोलवा.

राहता राहिला लॉनचा प्रश्न. अर्ध्या एकराचं लॉन खरंच हवं आहे का, हे व्यवस्थापनाला याच महिन्यात विचारा. ज्यावर कुणी बसत नाही, चालत नाही, असा रस्त्याकडचा भाग वेडेलिया, रिओ, किंवा कमी पाण्याच्या झुडपांना देता येईल. त्यातही वेडेलिया भराभर पसरते, म्हणून ती डोंगराकडच्या बाजूला नको. जिथे बोअरचं पाणी खारं आहे तिथे पास्पालम गवत बरं टिकतं. तुमच्या बोअरचा आणि एसटीपीच्या पाण्याचा अलीकडचा टीडीएस किती आहे ते कळवा, म्हणजे कुठलं गवत ठेवायचं आणि कुठलं काढायचं ते नेमकं सांगता येईल.